नाक नवे, पण भूल कोणती?

मराठी भाषेने नाकाला जेवढे राबवले आहे तेवढे दुसऱ्या कोणत्या अवयवाला क्वचितच राबवले असेल. अब्रू गेली की नाक कापले जाते, गर्व चढला की ते वर होते, गरज पडली की मुठीत धरावे लागते आणि संसाराचा गाडा ओढताना नाकी नऊ येतात. लग्नाच्या बाजारात तर नाकाचा भाव वेगळाच. चाफेकळी नाक असेल तर मुलगी देखणी, आणि नसेल तर 'नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने' ही म्हण तयारच असते. लहानपणापासून असे बोल ऐकत वाढलेली मुलगी आरशासमोर उभी राहिली की आधी नाकाकडेच पाहते.

पूर्वी यावर इलाज नव्हता. आता आहे. नाकाचा आकार बदलण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे ऱ्हायनोप्लास्टी, आज मोठ्या शहरांतच नव्हे तर मध्यम शहरांतही होते. ती करून घेणारे सगळे सिनेमातलेच असतात असेही नाही. बँकेत काम करणारी मुलगी, शाळेतली शिक्षिका, अपघातात नाक वाकडे झालेला तरुण, असे साधेसुधे लोक त्यासाठी पैसे साठवतात.

ही मंडळी सर्जनकडे जाताना बरोबर प्रश्नांची यादी नेतात. नाक किती बारीक होईल? व्रण दिसेल का? किती दिवस रजा घ्यावी लागेल? एकूण खर्च किती? या यादीत एक प्रश्न बहुधा नसतो, आणि असलाच तर शेवटी, उठता उठता विचारला जातो. भूल कोणती देणार आणि कोण देणार? खरे तर शस्त्रक्रियेचे दोन-तीन तास जीव ज्याच्या हाती असतो तो माणूस नाकाशी नसतो. तो डोक्याशी उभा असतो.

पुण्याजवळचा तो कारागीर

नाकाच्या शस्त्रक्रियेचा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात एक पत्र छापून आले. कावसजी नावाचा एक मराठा इंग्रजी फौजेत बैल हाकण्याचे काम करत होता. १७९२ च्या युद्धात तो टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला आणि तिथे त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. वर्षभराहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवून दिले.

रीत अशी होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घ्यायचे, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवती रेघ ओढायची. तेवढी कातडी सोलून, भुवयांच्या मध्ये एक देठ शाबूत ठेवून, ती खाली वळवायची आणि काताचा लेप लावून चिकटवायची. हे वाचून युरोपातल्या डॉक्टरांचे कुतूहल जागे झाले. वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये ही शस्त्रक्रिया केली आणि पुढे तिला 'भारतीय पद्धत' असे नाव पडले.

त्याच्याही कितीतरी शतके आधी सुश्रुतसंहितेत नाक जोडण्याची कृती दिलेली आहे. शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला खाऊ घालावे आणि मद्य पिणाऱ्याला तीव्र मद्य पाजावे, म्हणजे तो मूर्च्छा येऊन पडत नाही आणि नशेत शस्त्राची वेदना त्याला जाणवत नाही, असेही त्यात सांगितले आहे. कावसजीच्या काळातही वेदनेवर याहून फारसा उपाय नव्हता. ईथरची वाफ हुंगवून रोग्याला बेशुद्ध करण्याचा जाहीर प्रयोग अमेरिकेतल्या बोस्टन शहरात झाला तो १६ ऑक्टोबर १८४६ रोजी, म्हणजे आणखी अर्ध्या शतकाने.

ज्याचे नाक कापले गेले आहे तो माणूस असल्या यातना सोसायला तयार होतो. पण नाकावर थोडा उंचवटा आहे, एवढ्यासाठी कोण सोसेल? म्हणूनच सौंदर्यासाठी नाक बदलण्याची कल्पना भुलेच्या पाठोपाठ आली. १८८४ मध्ये व्हिएन्नात कार्ल कोलर यांनी कोकेनचे थेंब घालून डोळा बधिर करून दाखवला. तीनच वर्षांनी, १८८७ मध्ये, अमेरिकेत जॉन ऑर्लँडो रो यांनी नाकाच्या आतून छेद घेऊन बसक्या नाकाचा शेंडा सुधारल्याची नोंद केली. १८९८ मध्ये बर्लिनमध्ये जॅक जोसेफ यांनी एका तरुणाचे मोठे नाक लहान केले. कोकेनचे धोके लक्षात आल्यावर दुसऱ्या औषधांचा शोध सुरू झाला. १९४३ मध्ये स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेन यांनी लिग्नोकेन तयार केले. दात काढताना दवाखान्यात ज्याचे इंजेक्शन मिळते ते 'झायलोकेन' म्हणजे हेच.

तेव्हा भूल ही या शस्त्रक्रियेला नंतर जोडलेली सोय नव्हे. भूल नसती तर ही शस्त्रक्रिया सुरूच झाली नसती.

तीन वाटा

इंदूरच्या एका मराठी घरातल्या मुलीला हे सगळे फार उशिरा कळणार होते. वय २८, नोकरी बँकेत. नाक थेट वडिलांवर गेलेले, मधोमध उंचवटा आणि किंचित डावीकडे झुकलेले. वडील सहा वर्षांपूर्वी गेले. मुलीने तीन वर्षे पगारातून पैसे बाजूला टाकले आणि कोणालाही न सांगता सर्जनला गाठले. त्यांनी समोरून, बाजूने फोटो काढले, मापे घेतली आणि खर्चाचा कागद हातात दिला. त्यात 'भूलतज्ज्ञांची फी' अशी एक ओळ होती. बँकेत काम करणाऱ्या मुलीची नजर नेमकी तिथेच थांबली. ही ओळ गाळता आली तर?

सर्जनने तिला शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी भूलतज्ज्ञांकडे पाठवले. ओ.पी.डी.च्या कोपऱ्यात एक छोटी खोली आणि त्यात पन्नाशीच्या डॉक्टरबाई.

"मॅडम, लोकलमध्ये नाही का होणार? खर्चही कमी होईल," मुलीने बसता बसताच विचारले.

"होतं की. पण कोणाचं होतं आणि कशाचं होतं, ते आधी बघायला हवं. ऐकून घ्या, मग आपण ठरवू."

त्यांनी समजावलेल्या वाटा तीन होत्या.

पहिली वाट फक्त जागा बधिर करण्याची. नाकात औषधात भिजवलेल्या कापसाच्या वाती ठेवतात आणि मग नाकाभोवती लिग्नोकेनची इंजेक्शने देतात. त्यात अत्यल्प प्रमाणात ॲड्रिनॅलिन मिसळलेले असते. त्याने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तस्राव कमी होतो आणि बधिरपणा जास्त वेळ टिकतो. मात्र त्याचा परिणाम पुरता व्हायला दहा-पंधरा मिनिटे थांबावे लागते. काही काळ छाती धडधडते, तेव्हा घाबरायचे नसते. नाकाचा नुसता शेंडा नीट करायचा असेल, लहानसा उंचवटा घासायचा असेल किंवा आधीच्या शस्त्रक्रियेतली किरकोळ दुरुस्ती असेल, तर ही वाट पुरेशी होते. पोटात मळमळ नाही, लवकर घरी जाता येते.

पण रोगी पूर्ण जागा असतो. दुखत नाही, तरी ओढल्याचे, दाबल्याचे जाणवते. हाडावर हत्यार चालते त्याचा आवाज थेट डोक्यात घुमतो. घशात उतरणारे रक्त गिळायचे नसते, तोंडातून काढून टाकावे लागते. दोन तास हे शांतपणे सहन करणे सगळ्यांना जमत नाही. शिवाय लिग्नोकेनलाही मर्यादा आहे. ॲड्रिनॅलिन मिसळलेले असेल तर वजनाच्या दर किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंतच ते देतात. ५० किलो वजनाच्या बाईला ३५० मिलिग्रॅम, म्हणजे २ टक्क्यांचे औषध असेल तर साधारण १७ मिलिलिटर. एकट्या नाकाला त्याहून बरेच कमी पुरते. पण 'दुखतंय, अजून द्या' असे करत मर्यादा ओलांडली, तर ओठांभोवती मुंग्या येतात, कानात आवाज येतो आणि पुढे झटकेही येऊ शकतात. म्हणजे 'नुसते लोकल' हेसुद्धा औषधच आहे, गंमत नव्हे.

दुसरी वाट गुंगीची. जागा बधिर करायची आणि जोडीला शिरेतून झोपेचे, वेदना कमी करणारे औषध द्यायचे. रोगी पेंगतो, हाक मारली तर 'ओ' देतो, श्वास स्वतःच घेतो आणि नंतर फारसे काही आठवत नाही. ऐकायला ही वाट सर्वांत गोड वाटते. अडचण अशी की पेंग आणि गाढ झोप यांच्यात भिंत नसते, उतार असतो. औषध थोडे जास्त झाले की माणूस नकळत खाली घसरतो, जीभ मागे पडते, श्वास मंदावतो. नाकाच्या शस्त्रक्रियेत तर सर्जनचे हात श्वासाच्या वाटेवरच असतात आणि घशात रक्त उतरत असते. ऑक्सिजनची नळी नाकाला लावता येत नाही. चेहऱ्याजवळ ऑक्सिजन सोडला असताना रक्त थांबवायला विजेचे हत्यार वापरले तर भाजण्याचा धोका, त्यासाठी वेगळी खबरदारी.

"म्हणून गुंगी देणारा आणि ऑपरेशन करणारा एकच माणूस नको," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ज्याचं लक्ष नाकाच्या आकारावर आहे, त्याचं लक्ष श्वासावर कसं राहील?"

तिसरी वाट पूर्ण भुलेची. रोगी पूर्ण झोपतो आणि तोंडातून श्वासनलिकेत नळी घालून त्याला श्वास दिला जातो. नाकाच्या शस्त्रक्रियेत ही नळी खालच्या ओठाच्या मधोमध, हनुवटीच्या दिशेने चिकटवतात. ती बाजूला ओढली गेली तर वरचा ओठ आणि नाक वाकडे दिसते आणि सर्जनचा अंदाज चुकतो. घशात बहुधा ओलसर कापडाची पट्टी ठेवतात, म्हणजे रक्त पोटात उतरत नाही. पोटात गेलेले रक्त नंतर उलटी घडवते. ती पट्टी न विसरता काढण्यासाठी फळ्यावर नोंद करण्याची पद्धत आहे. पूर्ण भूल दिली तरी नाकात लिग्नोकेन आणि ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन देतातच, कारण रक्तस्राव कमी ठेवायचा असतो. उठवतानाही कसब लागते. रोगी जोरात खोकला तर पुन्हा रक्त येते, आणि श्वास द्यायची वेळ आली तर नव्या नाकावर मास्क दाबून चालत नाही. म्हणून तो नीट जागा झाल्यावरच नळी काढणे बरे. नंतर एक-दोन दिवस घसा खवखवतो, काहींना मळमळते. पण श्वासाची वाट शेवटपर्यंत सुरक्षित राहते.

मुलीच्या नाकाचा उंचवटा हाडाचा होता. तो कापून दोन्ही बाजूंची हाडे आत आणायची होती, मधला वाकडा पडदाही सरळ करायचा होता. काम अडीच तासांचे. डॉक्टरबाईंनी तिसरी वाट सुचवली. फीची ओळ कागदावर राहिली.

जे घरात होते

मग प्रश्न सुरू झाले. दमा आहे? नाही. घोरता? नाही. सिगरेट, तंबाखू, मशेरी? नाही. ॲस्पिरिन, गर्भनिरोधक गोळ्या, लसणाच्या किंवा कसल्या जडीबुटीच्या कॅप्सूल? नाही. घरात कोणाला भुलेचा त्रास झाला होता?

"नाही," मुलगी त्याच वेगाने म्हणाली.

"आईला विचारलंत?"

ती गप्प झाली. आईला ऑपरेशनचेच सांगितले नव्हते. सायनसचे आहे असे आदल्या दिवशी सांगून मोकळे व्हायचे ठरले होते. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवले.

"नाक कोणासाठी बदलायचं, कोणाला सांगायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा. मला त्यात पडायचं नाही. पण या एका प्रश्नाचं उत्तर तुमच्याकडे नाही, ते घरात आहे. ते घेऊन या."

सौंदर्याच्या शस्त्रक्रियेत लपवाछपवी फार चालते, ती समजण्यासारखीही आहे. लोक हसतील, सासरी कळेल, 'देवाने दिलेलं नाक काय वाईट होतं' असे कोणी म्हणेल. ही लपवण्याची सवय मग डॉक्टरच्या खोलीपर्यंत येते. कोणी सिगरेट लपवते, कोणी वजन कमी करण्याच्या गोळ्या, कोणी आधी कुठे गुपचूप करून घेतलेले ऑपरेशन. भूलतज्ज्ञाला यातल्या एकाही गोष्टीवर मत द्यायचे नसते. त्याला फक्त औषध आणि मात्रा ठरवायची असते.

मुलीने दोन दिवस टाळले आणि तिसऱ्या दिवशी आईला सांगितले. आई पोळ्या लाटत होती. लाटणे थांबले.

"तुझ्या बाबांचं नाक आहे ते," एवढेच ती म्हणाली आणि पुन्हा लाटू लागली.

रात्री भांडी आवरताना मुलीने विचारले, "आई, आपल्याकडे कोणाला भुलेचा त्रास झाला होता का गं?"

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "देवासच्या मावशीला. तू झालीही नव्हतीस तेव्हा. अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं. तासाभराचं काम म्हणाले होते आणि ताई पाच तास उठली नाही. श्वासच घेत नव्हती. फुगा दाबून दाबून हवा देत बसले होते. भूल जास्त झाली म्हणाले."

"मग हे कधी सांगितलं का नाही कोणी?"

"आजोबा म्हणाले, घरात लग्नाच्या मुली आहेत. बाहेर कळलं तर घराण्यात रोग आहे म्हणतील."

एका पिढीने लग्नासाठी आजार लपवला आणि दुसरी पिढी लोकांच्या तोंडाला भिऊन ऑपरेशन लपवत होती. दोन्ही गुपिते जिथे एकमेकांना भेटली असती ती जागा होती ऑपरेशनचे टेबल.

यावेळी मायलेकी दोघी डॉक्टरबाईंकडे गेल्या. मावशीच्या वेळचा एकही कागद शिल्लक नव्हता, पण वर्णन ऐकून त्यांना एक शंका आली. पूर्ण भूल देताना श्वासनलिकेत नळी घालण्यासाठी स्नायू सैल करणारे औषध लागते. त्यातले एक जुने आणि झटपट काम करणारे औषध म्हणजे स्कोलीन. रक्तातला एक घटक त्याचे तुकडे करतो, त्यामुळे त्याचा परिणाम बहुतेकांत पाच-दहा मिनिटांत ओसरतो. काही कुटुंबांत हा घटक जन्मतः कमी किंवा सदोष असतो. रोजच्या आयुष्यात त्याने काहीही बिघडत नाही, माणूस ठणठणीत असतो. पण स्कोलीन दिले तर स्नायू काही तास सैलच राहतात आणि तोवर श्वास बाहेरून द्यावा लागतो. श्वास देणारे कोणी तिथे असेल तर माणूस सुखरूप उठतो. नसेल तर नाही. दक्षिण भारतातल्या वैश्य समाजात हा दोष जास्त आढळल्याचे डॉक्टरांनी नोंदवले आहे, पण तो कोणत्याही घरात असू शकतो.

"म्हणजे माझ्या बहिणीला भूल जास्त दिली नव्हती?" आईने विचारले.

"कागद नाही, त्यामुळे नक्की सांगता येणार नाही, ताई. पण मात्रा बरोबर असूनही असं होऊ शकतं. रक्ताची तपासणी करू या, तुमचीही आणि हिचीही. रिपोर्ट कसाही आला तरी हिला मी ते औषध देणार नाही. दुसरी औषधं आहेत."

मुलीचा आकडा नेहमीपेक्षा थोडासा कमी आला. आईचा मात्र बराच कमी निघाला. पंचावन्न वर्षांच्या त्या बाईला आयुष्यात एकदाही भूल द्यावी लागली नव्हती, दोन्ही बाळंतपणे सरळ झाली होती. उद्या घाईघाईत एखादे ऑपरेशन करावे लागले असते तर कोणाला काही कळले नसते. डॉक्टरबाईंनी एका कार्डावर औषधाचे नाव आणि इशारा लिहून दिला. आईने ते रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायला घेतले, तर मुलीने ते काढून तिच्या रोजच्या पर्समध्ये घातले. देवासच्या मावशीलाही फोन गेला.

नाक दाबले की तोंड उघडते

शस्त्रक्रियेपूर्वीच्या सूचना छोट्या वाटतात, पण प्रत्येकीला कारण असते. सुश्रुतांच्या काळी रोग्याला खाऊ घालत, आज उपाशी ठेवतात. पूर्ण भुलेत ठसका लागण्याची शरीराची सवय बंद पडते आणि पोटातले अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकते. म्हणून हलके खाणे सहा तास आधी थांबवायचे, तेलकट-जड असेल तर त्याहूनही आधी, आणि साधे पाणी दोन तास आधी. 'कपभर चहाने काय होतंय' असे म्हणू नये, दुधाचा चहा पाण्यात मोजत नाहीत. नखांचे पॉलिश काढायचे, कारण रक्तातला ऑक्सिजन मोजणारी चिमटी बोटाला लावतात. बोटांच्या टोकांवरची गडद मेंदीही त्यात अडथळा आणू शकते. चमकी, नथ, हलणारा दात, कवळी, सगळे आधी सांगायचे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत आणि आपल्या मनाने चालूही ठेवायच्या नाहीत. तंबाखू-सिगरेट जितके आठवडे आधी सुटेल तितके चांगले.

आणखी एक तयारी त्या मुलीला उपयोगी पडली. शस्त्रक्रियेनंतर नाकात पट्ट्या किंवा सिलिकॉनच्या पट्टिका असतात, आतून सूज असते, श्वास तोंडानेच घ्यावा लागतो. अर्धवट शुद्धीत हे लक्षात येत नाही आणि माणूस जीव गुदमरल्यासारखा धडपडतो. डॉक्टरबाईंनी तिला घरी रोज दहा मिनिटे नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास घ्यायला लावले होते. नाक दाबले की तोंड उघडते ही म्हण इतक्या शब्दशः उपयोगी पडेल असे तिला वाटले नव्हते. जाग आली तेव्हा क्षणभर ती घाबरली, पण कानाशी आवाज आला, "तोंडाने श्वास घ्या, सवय केलीत ना?" आणि तिने घेतला. आई बाहेर बाकावर बसून होती. शेजारच्या काकूंना तिने सांगून टाकले होते की पोरीच्या नाकाचे हाड वाकडे होते. ते काही खोटे नव्हते.

पैशांचे गणित आणि कायद्याचे बळ

निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विम्यातून साधारणपणे मिळत नाही. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची दुरुस्ती असेल किंवा वैद्यकीय गरज असेल तर गोष्ट वेगळी. खिशातून पैसे जायचे म्हटल्यावर माणूस काटकसर शोधतो, आणि ती बहुधा नेमकी भुलेत करतो. सर्जन नावाजलेला हवा असतो, पण भूलतज्ज्ञाचे नावही ठाऊक नसते. स्वस्तातले पॅकेज देणाऱ्या ठिकाणी स्वतंत्र भूलतज्ज्ञ आहे की नाही, हेही कोणी विचारत नाही.

विचारण्याचा हक्क मात्र पक्का आहे. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते असे ठरवले. २००८ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. एका रुग्ण स्त्रीने तपासणीपुरती संमती दिली होती. ती भुलेत असताना तिच्यावर त्यापलीकडची मोठी शस्त्रक्रिया करण्यात आली. न्यायालयाने म्हटले की एका उपचाराची संमती दुसऱ्या उपचाराला चालत नाही, आणि संमती घेण्यापूर्वी उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि मोठे धोके रोग्याला सांगायला हवेत. म्हणून संमतीपत्र समजणाऱ्या भाषेत वाचून घ्यावे आणि भुलेची संमतीही त्यात नीट पाहावी. सही करण्यापूर्वी एवढे तरी विचारावे:

• भूल कोण देणार? त्यांची पदवी एम.डी., डी.एन.बी. किंवा डी.ए. यांपैकी कोणती? ते शेवटपर्यंत खोलीत थांबणार का?

• माझ्या नाकाच्या कामाला तीनपैकी कोणती पद्धत, आणि तीच का?

• गुंगी द्यायची असेल आणि मध्येच पूर्ण भूल देण्याची वेळ आली तर त्याची तयारी इथे आहे का?

• शुद्धीवर आल्यावर किती वेळ आणि कोणाच्या देखरेखीखाली ठेवणार?

• कोणती औषधे दिली, काही त्रास झाला का, याचा कागद घरी नेता येईल का?

चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो, त्याच्याकडे नाक घेऊन जाण्याआधी पुन्हा विचार करावा.

नाक मनासारखे झाले की नाही हे पुरते कळायला वर्ष लागते, कारण शेंड्याची सूज तितकी हळू उतरते. तोवर आरशाशी वाद चालूच राहतात, आणि कधी कधी नंतरही. भुलेचा निकाल मात्र त्याच दुपारी लागतो. म्हणून घराघरातल्या त्या वहीत, जिथे दूधवाल्याचा हिशेब आणि पाहुण्यांचे फोन नंबर लिहिलेले असतात, एक पान याचेही असावे: कोणाचे कधी ऑपरेशन झाले, कोणती भूल दिली, कोणते औषध सोसले नाही. या पानाची लाज वाटण्याचे काहीच कारण नाही, आणि पुढच्या पिढीतल्या कोणाला तरी, नाकासाठी असो वा आणखी कशासाठी, ते लागणारच आहे.